शरूचा ओसरी पक्ष आणि माझा एक फोन

शरू, मी तुझ्या पक्षातल्या डगला फोन करून सांगितलं होतं की तू आता थोड्या दिवसांची सोबती आहेस.

तुला काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे तुला गुडघेदुखी, थोडं बीपी आणि अमेरिकेचं राजकारण, एवढेच आजार होते. तरी मी फोन लावला, आवाज खाली आणला, मध्ये एक उसासाही टाकला. तो उसासा मला आजही ऐकू येतो. नाटकात काम करणाऱ्या बाईनेसुद्धा इतका बेमालूम टाकला नसता. पंचाहत्तरी उलटलेली, चार नातवंडांची आजी, आणि उद्योग हे.

काल तुला निरोप दिला. इथे इंग्लंडमध्ये माणूस गेलं तरी क्रेमेटोरियमची तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे तुझं तेरावं आधी झालं आणि दहन नंतर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी जेवलात, मग मला पोचवलंत." ते म्हणायला तू नव्हतीस म्हणून मीच मनात म्हणून घेतलं आणि हसू आवरायला रुमाल तोंडाशी धरला. लोकांना वाटलं मालतीबाई फार रडताहेत. रडतही होते, ते वेगळं.

त्या फोनबद्दल तू माझ्याशी एकदा भांडलीस आणि मग कधीच बोलली नाहीस. तू जाईपर्यंत मी वाट पाहिली. आपल्यात म्हणतात ना, घरात अभद्र बोलू नये, वास्तू ऐकत असते. मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई, असल्या गोष्टींना हसत आलेली. पण वर्षभर माझ्या क्रॉयडनच्या किचनमध्ये उभी राहून मी त्याच भिंतींकडे बघत होते. तो फोन मी तिथूनच केला होता.

या सगळ्याचं मूळ हॉस्टेलमध्ये आहे, हे तू मान्य करशील. पुण्यात आपण रूममेट होतो. मेस सेक्रेटरीच्या निवडणुकीला तू उभी होतीस आणि समोर प्रभा. तेव्हाची मालती आठव. दोन वेण्या, खांद्याला स्वतःपेक्षा मोठी पर्स, आणि जगातला प्रत्येक प्रश्न आपण न सोडवल्यामुळे अडला आहे अशी चाल. त्या मालतीने प्रभाला जिन्यात गाठलं आणि सांगितलं की सेक्रेटरीला रोज पहाटे स्वतः मंडईत जाऊन भाजी आणावी लागते. प्रभाने संध्याकाळी नाव मागे घेतलं. तू बिनविरोध. मी पेढे घेऊन आले, तर तू कॉटवर पाठ करून बसलेली.

"मला मतं मोजायची होती, माले."

"अगं, पण तू जिंकलीस."

"किती जणींना मी हवी होते, ते आता कधीच कळणार नाही."

मी ते पेढे एकटीने खाल्ले. आणि काहीही शिकले नाही.

पुढे मी लग्न होऊन इकडे आले, तू मिशिगनला गेलीस. हे गेले तेव्हा तू विमानाने आलीस आणि गळ्यात पडण्याऐवजी माझा फ्रीज साफ केलास. "सात दिवस लोक डबे आणून देतील, जागा कर आधी," म्हणालीस. त्या आठवड्यात मला सावरलं ते तुझ्या त्या कोरड्या आवाजाने. आणि तुझे माधवराव गेल्यावर तू लेकीकडे, केतकीकडे, ब्रॅकनेलला राहायला आलीस, तेव्हा मला वाटलं, चला, म्हातारपण मजेत जाणार. क्रॉयडनहून ब्रॅकनेल म्हणजे क्लॅपम जंक्शनला ट्रेन बदलायची, बाकी काही नाही.

पण तू पूर्ण आलीच नव्हतीस. पासपोर्ट अमेरिकन, मतपत्रिका पोस्टाने मिशिगनची, आणि जीव तिथल्या तुझ्या गल्लीत अडकलेला. माधवरावांच्या अंत्यविधीचं तू मला एकदाच सांगितलंस. डावीकडचे शेजारी आले, उजवीकडचेही आले. वीस वर्षं दोघांनी तुमच्या अंगणातला बर्फ काढला होता. पण मागच्या दोन निवडणुकांपासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. एक कुटुंब किचनमध्ये उभं राहिलं, दुसरं बाहेर गाडीत बसून राहिलं. "माझा नवरा मध्ये ठेवलेला, माले, आणि हे आत कोण जाणार म्हणून वाट बघताहेत." हे सांगताना तू इडलीचं पीठ ढवळत होतीस आणि ढवळतच राहिलीस.

म्हणून तो पक्ष निघाला तेव्हा तू वेडी झालीस, हे मला कळायला हवं होतं.

तू माझ्या डायनिंग टेबलवर आयपॅड उभा करून व्हिडिओ दाखवलास. एक निवृत्त न्यायाधीश बाई आणि शेतीची यंत्रं विकून श्रीमंत झालेला एक गृहस्थ, दोघं दोन विरुद्ध पक्षांचे, एका लाकडी घरापुढे झुलत्या खुर्च्यांवर बसलेले. फ्रंट पोर्च पार्टी. म्हणजे घराची पुढची ओसरी. तिथे बसलं की डावीकडचाही दिसतो, उजवीकडचाही, आणि दोघांना हाक मारावीच लागते.

"ओसरी पक्ष," मी म्हटलं. "निशाणी काय, अडकित्ता?"

तू हसली नाहीस. "त्यांचा एकच नियम आहे. बसायच्या आधी काहीही ठरवायचं नाही."

"मग बसल्यावर भांडणं होतील."

"होऊ देत. त्यासाठीच बसायचं."

आणि तो पक्ष वाढला की. राज्याराज्यांत लोक घरापुढे खुर्च्या टाकून निवडणुकीसाठी सह्या गोळा करायला लागले. इथल्या बातम्यांतही मिनिटभर दाखवलं, वेदरच्या आधी. तू ते रेकॉर्ड करून ठेवलंस. परदेशातल्या अमेरिकनांच्या शाखा निघाल्या, ब्रिटनची तू चालवायला लागलीस. दर रविवारी दुपारी केतकीच्या कॉन्झर्व्हेटरीत, घरापुढच्या त्या काचेच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत बसून तू झूम लावायचीस, आणि मी शेजारी, कॅमेऱ्याबाहेर, चिवडा घेऊन. मला तिथे मत नव्हतं, त्यामुळे मतं पुष्कळ होती.

डग त्यातलाच. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेला, बायकोच्या माहेराजवळ म्हणून इल्फर्डला राहायला आलेला. झूमवर नेहमी त्याच्या हातात तिथल्या मिठाईवाल्याकडची चकली असायची. ती मोडताना माईक बंद करायचा, इतका सज्जन.

मग अधिवेशन ठरलं. पक्षाचं पहिलं, अमेरिकेत, अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला. ब्रिटनमधून एकच प्रतिनिधी जाणार होता. तू नाव दिलंस. डगनेही दिलं.

तुला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तू त्याबद्दल बोलायचंच सोडलंस. फक्त एकदा, कोथिंबीर निवडताना म्हणालीस, "त्या हॉलमध्ये उभी राहून मला माझ्या गल्लीबद्दल बोलायचंय. कुणी ऐको न ऐको." आणि मग, "डगला माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात."

तुझा चेहरा उतरला होता. मला वाटलं हरायच्या भीतीने. आणि मी कामाला लागले.

आमच्या इथल्या मराठी मंडळात कशी निवडणूक होते तुला माहीत आहे. होत नाही. अध्यक्ष आधी कुणाच्या तरी घरी साबुदाण्याच्या खिचडीवर ठरतो, दुसऱ्या इच्छुकाला फोन जातो, त्याला स्मरणिकेचं संपादकपद मिळतं, आणि एजीएमला नुसत्या टाळ्या. मतदान झालं तर लोक म्हणतात, मंडळात फूट पडली. बिनविरोध झालं तर म्हणतात, काय संस्कार आहेत. आणि तो फोन करणारी बाई इतकी वर्षं मीच होते. माझा फोन कधी वाया गेला नाही.

डगला स्मरणिका देता येत नव्हती. म्हणून मी दुसरं काहीतरी दिलं.

"डग, हे आपल्या दोघांतच ठेवा," मी म्हटलं. "शरयूच्या डॉक्टरांना फारशी आशा नाही."

डगने विचारलं, "तिला माहीत आहे?"

"तिला सगळं माहीत आहे. पण ती कुणाशीच बोलत नाही. मुलीशीसुद्धा नाही."

बघ, शरू, किती तपशिलात शिरले मी. कुणी विचारलंही नव्हतं.

"अधिवेशनाला जायचं, तिची एवढी एकच इच्छा आहे," मी म्हटलं, आणि तो उसासा.

डग म्हणाला, मी नाव मागे घेतो. मी फोन ठेवला, चहा केला आणि दोन डायजेस्टिव्ह बिस्किटं खाल्ली, पदक मिळाल्यासारखी.

माझी समजूत अशी की तो घरगुती कारणास्तव वगैरे म्हणेल. मंडळात सगळे तसंच म्हणतात. पण डग ओसरी पक्षाचा होता. त्याचा त्या नियमावर विश्वास होता.

त्या रविवारी मी तुझ्या शेजारीच बसले होते. केतकी ट्रे घेऊन दारात आली होती. डगने चष्मा काढला आणि म्हणाला, आपल्या पक्षात पडद्यामागे काही करायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी माघार घेतोय त्याचं कारण सांगणं मला भाग आहे. शरयू, मला माफ कर. आणि मग त्याने ते सांगितलं. सगळं. मालतीने कळवलं, हेसुद्धा.

माझ्या हातातला चिवडा तसाच राहिला. मी वाट बघत होते की तू आता म्हणशील, हे काय भलतंच, मी ठणठणीत आहे. तू म्हणाली नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. तू केतकीकडे बघितलंस.

मग तू कॅमेऱ्याकडे वळलीस. "थँक यू, डग. पण मी उभी आहे, तुम्हीही उभे राहा. मतं मोजू या."

कुणी ऐकेना. एकेक करून सगळे हात वर यायला लागले. एक बाई रडत होती. अर्ध्या मिनिटात तू एकमताने निवडून आलीस. बिनविरोध, शरू. आयुष्यात दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा माझ्यामुळे. तू थोडा वेळ ते हात बघत बसलीस. "मग मी जात नाही," तू म्हणालीस. "डग जाईल." आणि लॅपटॉप मिटलास.

केतकीने ट्रे टेबलावर ठेवला.

"माले," तू म्हणालीस, "तुझी ट्रेन चुकेल."

माझी कुठलीच ट्रेन नव्हती, मी राहायला आले होते. तरी कोट घातला आणि निघाले. क्लॅपमला उतरायचं विसरले, थेट वॉटर्लूला पोचले आणि तिथून उलटी आले.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तू पहिलंच विचारलंस, "तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी कशाला सांगायला हवं? माझंच डोकं."

"म्हणजे तू हे बनवून सांगितलंस?"

"हो."

तू हसलीस, पण ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. मी माफी मागायला लागले, तर तू थांबवलंस. "खोटं बोललीस याचं मला काही नाही. तू मला हरू देत नाहीस, माले. एवढी वर्षं झाली, तू मला एकदाही हरू दिलं नाहीस. मी पडले तर तुला बघवणार नाही म्हणून मी उभीच राहायचं नाही?"

"तू हरली नसतीस."

"ते आता तूही सांगू शकत नाहीस."

तेव्हा मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी केलं. हे वाक्य बोलणाऱ्या सगळ्या बायकांना एका खोलीत कोंडून ठेवलं पाहिजे, आणि किल्ली माझ्याकडे नको.

त्यानंतर आपण बोलायचो, पण ते हवामानाचं आणि ढोकळा का फुगत नाही याचं. मी विषयाजवळ गेले की तू म्हणायचीस, कुकर झाला वाटतं. ब्रॅकनेलच्या त्या घरात कुकर इतक्या वेळा झाला की तुम्ही दोघी काय एवढं शिजवता असं मला विचारावंसं वाटे. केतकीने ऑफिसची दोन महिन्यांची सुट्टी घेतली, तुम्ही कॉर्नवॉलला जाऊन आलात, मिशिगनलाही जाऊन आलात. मला नंतर फोटो मिळाले. मी समजले, मैत्री संपली, आता फक्त शिष्टाचार चाललाय.

तिकडे डग अधिवेशनाला गेला. आणि तुझा पक्ष तिथेच बुडाला.

तू ते मला स्वतः फोन करून सांगितलंस. हॉल भरलेला, दारापर्यंत झुलत्या खुर्च्या मांडलेल्या, लोक आपापल्या गल्लीबद्दल बोलायला उभे राहिले होते. आणि दुपारी बाहेर आलं की उमेदवार आदल्या दिवशीच हॉटेलच्या खोलीत ठरलाय. त्या न्यायाधीश बाई आणि ते यंत्रवाले गृहस्थ, दोघांनी मिळून बाकीच्या इच्छुकांना एकेक फोन केले होते. सगळं सुरळीत व्हावं, तमाशा नको, एकी दिसावी म्हणून. लोक उठून गेले. अर्धे जुन्या पक्षांत परतले, अर्धे कुठेच गेले नाहीत. पानगळ व्हायच्या आत पक्षाच्या वेबसाइटवर नुसता तो पोर्चचा फोटो उरला, माणसं नसलेला.

मी श्वास रोखून ऐकत होते. तू थांबलीस आणि म्हणालीस, "माले, तिकडे पण एक मालती होती."

आणि तू हसलीस, या वेळी तुझं खरं हसू. मी इतकी हलकी झाले की खुर्चीत बसले. तेवढ्यात तू पुढचं बोललीस, त्याच सुरात, "आणि हो, डगला कळव, तू सांगितलेलं बरोबर निघालं."

स्वादुपिंडाचा कॅन्सर. मी लॅबमधली बाई, मला पुढचं सांगावं लागत नाही.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"आत्ताच," तू म्हणालीस. "अलीकडेच."

त्या दिवसापासून ती किचनची भिंत आणि मी. मी जे बोलले ते तुला लागलं, असं म्हणायला मला लाज वाटते. पण वाटायचं तेच वाटायचं. ब्रॅकनेलला यायचे तेव्हा तुझा पलंग कॉन्झर्व्हेटरीत आणून ठेवलेला असायचा. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना तू हात करायचीस, इंग्रज माणसं बिचारी गोंधळून हात करायची. "ओसरीवर आले शेवटी," म्हणायचीस. मी दर वेळी ठरवून यायचे की आज विचारीन, शरू, माझ्यावर राग आहे का. आणि दर वेळी तुझे पाय चेपून परत जायचे. शेवटच्या भेटीत तू माझा हात धरलास, डोळे मिटलेले, आणि म्हणालीस, "तू फार बोलतेस." मी तासभर एक शब्द बोलले नव्हते.

काल डग आला होता. काळा कोट, हातात इल्फर्डच्या मिठाईवाल्याची पिशवी, तुला चकली आवडायची म्हणून. मी कबूल करायचं ठरवून त्याच्याकडे गेले. तोंड उघडायच्या आत त्याने माझे दोन्ही हात धरले. आम्हाला सांगायचं धाडस फक्त तुम्ही केलंत, म्हणाला. मी मान हलवली. भित्री ती भित्रीच. मला तिथेच तुझ्या शेजारी जागा आहे का विचारावंसं वाटलं.

म्हणून मग केतकीला गाठलं, कार पार्कमध्ये, सगळे गाड्यांत बसत असताना. तिचं मराठी तू कधी सुधारलं नाहीस. मिशिगनमध्ये वाढलेल्या त्या पोरीला सगळं जग पुल्लिंगी वाटतं. मी तिला एका दमात सांगितलं. डगला फोन, उसासा, मी बनवलेलं, आजाराचं मला काहीच माहीत नव्हतं, अभद्र बोलले, आणि तू मला माफ केलंस की नाही ते न सांगताच गेलीस.

केतकीच्या हातात गाडीची किल्ली होती, ती तिने पर्समध्ये टाकली.

"मावशी, आईला तेव्हा ऑलरेडी माहीत होता," ती म्हणाली. "त्या झूमच्या आधीच रिपोर्ट आला होता. ती कन्व्हेन्शनला जाणार होती आणि कुणाला सांगणारच नव्हती. मलापण नाही. तिला वाटला, मालतीला कळला कसा?"

तुला कुणी सांगितलं? तो तुझा पहिला प्रश्न. आणि मी म्हणाले होते, माझंच डोकं.

तिने मला धरून गाडीच्या बॉनेटला टेकवलं. कॉर्नवॉल, मिशिगन, ती सुट्टी, ते न संपणारे कुकर. मला कोट धरून उभं करत, तुझ्या त्या कोरड्या आवाजात ती म्हणाली,

"तू खोटा बोललीस ना, मावशी, म्हणून त्या रात्री तिने मला खरा सांगितला."